भोंग्याला मी हळू बोलायला सांगितलं

आमच्या गल्लीत रफूताईचं दुकान जिन्याखाली आहे. दुकान म्हणायचं ते तिच्या मानासाठी. एरवी जिन्याचा उतार डोक्यावर घेऊन बसलेली ती एक चिंचोळी खोली. दाराशी माणूस ताठ उभा राहू शकतो, मधोमध वाकावं लागतं आणि शेवटच्या दोन हातांत बसावंच लागतं. तिथे ती धाग्यांचे डबे ठेवते. पण त्या दाराला एक गोष्ट अशी लाभली आहे की मोठमोठ्या शिंप्यांनी हेवा करावा, ती म्हणजे उजेड. सकाळी साडेआठपासून दुपारी चारपर्यंत डाव्या हाताने सरळ, शांत उजेड येतो आणि ऊन मात्र आत येत नाही. काळा आणि गडद निळा हे दोन धागे दिव्याखाली जुळ्या भावांसारखे दिसतात. त्या उजेडात ते वेगळे होतात.

मी समोरच राहते. माझी खिडकी तिच्या दाराच्या बरोबर समोर आहे आणि माझी खुर्ची त्या खिडकीशी. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि तारखा डायरीत आहेत.

रफूताईची आणि माझी ओळख अकरा वर्षांपूर्वीची. यजमानांचा राखाडी कोट कसर लागून बाहीवर खाल्ला गेला होता. कोट आता कोणी घालणार नव्हतं, पण ते भोक मला बघवत नव्हतं. तिने कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याचेच धागे ओढून काढले, उभे घातले, मग आडवे, एक वर एक खाली, आणि चार दिवसांनी कोट परत दिला. शाळेत सिस्टरनी आम्हाला रफू शिकवलं होतं, तेव्हा मला त्यातलं थोडं कळतं. मी भोक शोधत पंधरा मिनिटं काढली. सापडलं नाही म्हणून तिलाच विचारायला गेले, तर तीही बराच वेळ शोधत बसली.

काम असं आणि बोलणं मात्र तीन शब्दांचं. ‘हो’, ‘चालेल’ आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’. तेही मान खाली घालून, ओठ न हलवता. एकदा मी मुद्दाम म्हटलं, “आज पाऊस येणार बघ.” ती म्हणाली, “हो, मावशी.” दहा मिनिटांनी म्हटलं, “छे, आज काही येत नाही.” ती म्हणाली, “हो, मावशी.” मला हसू आलं. ते हसू पुढे पुष्कळ दिवस मला टोचत राहिलं, कारण हळूहळू तिने स्वतःच कळू दिलं की ती असं का बोलते.

तिचा पहिला नवरा कचेरीत कामाला होता. शेजारीपाजारी त्याचं कौतुक करायचे. काय शांत माणूस, कधी आवाज चढवत नाही! ते खरंच होतं. तो आवाज चढवत नसे, उतरवत असे. “मावशी, आवाज जितका खाली जाईल तितकं पुढचं वाईट,” ती एकदा सुई ओवता ओवता म्हणाली. “आणि हात खिशात. ते बाहेर कधी येतील, ते कळायचं नाही.” संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की ती कशी फिरली यावरून ती संध्याकाळ ओळखायची. पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही. मग तो हळूच विचारणार, “आज कोण आलं होतं?” कोणी नाही म्हटलं तर लपवतेस. अमुक आलं होतं म्हटलं तर का आलं होतं. गप्प बसलं तर माज आला. “नाही म्हटलं तरी मार, हो म्हटलं तरी मार,” ती म्हणाली, आणि चक्क हसली. “मग हो म्हटलेलं बरं, आटोपतं तरी लवकर.”

मार झाला की दुसऱ्या दिवशी तो लेकीला पाठवायचा. “आईला विचार, चहा घेणार का.” ही त्याची माफी. ती नाकारायची सोय नव्हती. मग आईकडून उत्तर, “बाबांना सांग, हो.” अशी ती पोर दोन खोल्यांमध्ये टपाल वाहत वाढली. अकरा वर्षांची झाली तेव्हा एक दिवस ती मध्येच थांबली आणि बापाला म्हणाली, “तुमचं तुम्ही सांगा.” बापाचा हात खिशातून बाहेर आला, आणि तो पहिल्यांदाच पोरीवर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने पोरीला आणि सुयांच्या डबीला घेतलं आणि तेरा वर्षांचं घर सोडलं. आधी बहिणीकडे, मग दोन गल्ल्यांपलीकडे एक भाड्याची खोली, आणि कामाला हे जिन्याखालचं दुकान.

त्या दुकानाची किल्ली ती गळ्यात दोऱ्याने बांधून घालते. मी एकदा म्हटलं, अगं, आत चोरायला आहे काय? तर म्हणाली, “चोराचं नाही, मावशी. जगात एवढी एकच जागा आहे, जिथे आत कोणी यायचं ते मी ठरवते.”

आता भोंग्याकडे येते.

भोंगा हे काही त्याचं नाव नव्हे, पण त्याची हाक ऐकली की दुसरं नाव सुचत नाही. अठ्ठावीस वर्षं तो कापडाच्या गिरणीत मागांची दुरुस्ती करत होता. तिथल्या खडखडाटाने कान निम्मे गेले आणि आवाज दुप्पट झाला. गिरणीत सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे आणि उरलेलं हातांनी बोलायचे, म्हणून याला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही. गिरणी बंद झाल्यावर त्याने गल्लीच्या टोकाला शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. सकाळी तो “मावशी! बरं आहे ना?” म्हणून दोन्ही हात वर करायचा आणि छपरावरची सगळी कबुतरं उडायची. वय चोपन्न. म्हाताऱ्या आईचं करता करता लग्न राहून गेलं. हे तो असं सांगायचा, जणू छत्री बसमध्ये राहून गेली.

तीन वर्षांपूर्वी तो कोपरात जळलेला स्वेटर घेऊन रफूताईकडे आला. तिने नेहमीप्रमाणे स्वेटरकडे बघत काहीतरी पुटपुटलं.

“काय?” भोंगा.

पुन्हा पुटपुट.

“बाई, तोंड इकडे करा! मला ओठ दिसले पाहिजेत! कान गिरणीत ठेवून आलोय मी!”

मी खिडकीत सावरून बसले. तिला तोंड वर कर म्हणणारा माणूस मी आठ वर्षांत पाहिला नव्हता. तिने मान थोडी उचलली. मग आणखी थोडी. आणि मला दिसलं की तिला हनुवटीवर एक छानसा खळगा आहे. आठ वर्षांत तोही मी पाहिला नव्हता.

त्यानंतर भोंग्याचे कपडे वारंवार फाटू लागले. सगळी गल्ली तिला ताई म्हणते. हा एकटा ‘बाई’ म्हणायचा, कधी चुकूनसुद्धा ताई म्हणाला नाही. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. तिचा आवाज आम्हाला ऐकू यायचा नाही, त्यामुळे गल्लीला या संभाषणाची एकच बाजू कळायची.

“सव्वीस धागे? मोजलेत तुम्ही?”

“छे हो! मला निळाच आवडतो!”

“हसता काय? खरं सांगतोय!”

जिन्याच्या बाजूलाच न्हाव्याचं दुकान. तो गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा थांबवून मला खिडकीत विचारायचा, “मावशी, आज काय विषय?”

“निळा रंग.”

“कालही निळाच होता.”

“काल हिरवा होता. माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

आणि एक दिवस, तारीख नऊ, मी माझ्या कानांनी तिचा आवाज ऐकला. तो एक मफलर घेऊन आला होता आणि तो तपकिरी आहे म्हणून सांगत होता. ती म्हणाली, “नाही. हा काळपट तांबडा आहे. इकडे उजेडात या, म्हणजे दिसेल.” तो उजेडात गेला, मफलर डोळ्यांजवळ नेला आणि ओरडला, “अरेच्चा! म्हणजे सहा वर्षं मी तांबडा मफलर घालून हिंडतोय!” ती इतकी हसली की सुई खाली ठेवावी लागली. त्या दिवशीच्या पानावर मी ‘नाही’ या शब्दाखाली रेघ ओढली आहे.

मागणीही गल्लीने ऐकली. “मग? काय म्हणता?” त्यावर तिचे ओठ हलले. मग “खरंच?” हा जो आवाज निघाला त्याने न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस साबण लावलेल्या तोंडाने उठून बाहेर आला आणि टाळ्या वाजवायला लागला.

इथपर्यंत सगळं त्या दोघांनी केलं होतं, म्हणून बरं चाललं होतं. इथून पुढे मी केलं.

झालं असं, की एक दिवस भोंगा दारात उभा राहून गिरणीतला माग केवढा उंच होता ते सांगत होता. सांगता सांगता त्याने हात उंच उगारला. ती बसल्या जागी गोळा झाली, कोपर डोक्यावर आला, सुई पडली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, तो मागाच्या उंचीवरच होता. पण मी पाहिलं, आणि नेमक्या तेव्हाच डबा द्यायला आलेल्या लेकीनेही पाहिलं. लेक आता बावीस वर्षांची आहे, औषधाच्या दुकानात काम करते आणि सगळ्या गोष्टींवर तिच्याकडे मात्रा असते. आम्ही दोघींनी त्याला माझ्याकडे चहाला बोलावलं.

“हे बघ,” मी म्हटलं, “तिने पुष्कळ सोसलंय. तुझा हा आवाज, हे हात... जरा जपून. हळू बोलत जा.”

“आणि हात खाली ठेवा, काका,” लेक म्हणाली. “शक्यतो खिशात.”

त्याचा चेहरा उतरला. “मी घाबरवतो तिला?” त्याने त्याच्या मते कुजबुजत विचारलं. समोरून न्हावी ओरडला, “कोणाला?”

तर असा अभ्यास सुरू झाला. त्याने कानाला यंत्र बसवून घेतलं, कारण त्याशिवाय त्याला स्वतःचा आवाजच कळत नव्हता. रोज पाच वाजता तो माझ्यासमोर वर्तमानपत्र वाचायचा, आणि माझी अट अशी की बशीतला चमचा वाजता कामा नये. लेक दहापैकी गुण द्यायची. पहिल्या दिवशी तीन, आठवड्याने सहा. हात खिशात घातले की त्याचं बोलणंच बंद पडायचं. मग खिशातल्या खिशात बोटं हलवायला लागला, त्यावर लेकीने अर्धा गुण कापला. तीन आठवड्यांत तो इतका सभ्य झाला, की न्हाव्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “आजारी आहे का हो?”

मला वाटलं, आपण केवढं पुण्याचं काम केलं! आणि रफूताईला यातलं काही विचारावं, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

याच सुमारास त्याने आपल्या घराच्या पुढच्या खोलीत तिच्यासाठी टेबल करायला घेतलं होतं ते पुरं झालं. लांबलचक, वीस खणांचं, प्रत्येक रंगाला एक खण. दोन महिने खपला होता. मी माझी काळी शाल रफूला द्यायला दुकानात गेले होते तेव्हा तो आला. दाराशी उभा राहिला, हात खिशात, आणि इतक्या खालच्या आवाजात बोलला की मला अभिमान वाटला.

“मी काय म्हणत होतो... टेबल झालंय. आता ही जिन्याखालची जागा कशाला? सोडून देऊ या का?”

तिने मान खाली घातली. “चालेल.”

“नक्की ना?”

“हो.”

लग्नाची नोंदणी वीस तारखेला ठरली. जागा सोडत असल्याचं मालकाला महिना संपण्याआधी कळवायचं होतं. मी घरी येऊन लिहिलं, ‘सगळं किती छान जुळून येत आहे.’ ते वाक्य अजून आहे तिथेच. खोडलं नाही. खोडणं हा डायरीशी खोटेपणा होतो.

आठवड्याने शाल परत आली. मी ती खिडकीशी उलगडली आणि बघतच राहिले. भोक शोधावं लागलं नाही. काळ्या शालीवर गडद निळ्या धाग्याचा चौकोन, सरळ दिसत होता. अकरा वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. तिच्या दारातल्या उजेडात ते होणंच शक्य नव्हतं.

मी शाल घेऊन तशीच समोर गेले. दार अर्धं लोटलेलं. आत दिवा लावून ती धाग्यांचे डबे खोक्यात भरत होती.

“दार का लावलंस?”

“असंच, मावशी.”

“हे बघ काय झालंय.”

तिने शाल हातात घेतली, दाराशी नेली आणि पाहिली. तिच्या कानशिलापर्यंत लाली चढली. “परत करून देते.”

“ते राहू दे. तुझं काय चाललंय?”

“काही नाही. सगळं छान आहे.”

“दुकान सोडायचं वाईट वाटतंय का?”

“नाही... तुम्ही म्हणाल तसं.”

हे ‘तुम्ही म्हणाल तसं’ मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मी खोकं बाजूला सरकवून खाली बसले. या वयात खाली बसले की मला लवकर उठता येत नाही, हे तिला ठाऊक आहे. म्हणजे मी गंभीर आहे, हेही कळलं.

“मी काही म्हणत नाही आता,” मी म्हटलं. “तू सांग.”

बराच वेळ ती धाग्याच्या गुंडीवर धागा गुंडाळत राहिली, जो आधीच गुंडाळलेला होता. मग म्हणाली, “मावशी, ते हल्ली हळू बोलतात.”

“हो की! किती सुधारला.”

“आणि हात खिशात असतात.”

मी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. हळू आवाज आणि खिशात हात. ज्या माणसापासून ती जीव घेऊन पळाली होती, त्याचंच बोलणं आम्ही, दहापैकी गुण देऊन, या भल्या माणसाला शिकवलं होतं.

“पूर्वी ओरडायचे तेव्हा काय ते कळायचं,” ती म्हणाली. “चार घरांना ऐकू जाईल असं बोलणारा माणूस चार घरांपासून काय लपवणार? हात तर दिसतच असायचे, सगळीकडे. आता दाराशी येऊन हळूच विचारतात, आणि माझ्या तोंडून आपोआप ‘हो’ जातं. मला माहीत आहे, ते तसे नाहीत. पण ‘हो’ माझ्याआधी निघून जातं. आणि यंत्र बसवल्यापासून तोंड इकडे करा असंही म्हणत नाहीत.”

“पण अगं, त्या दिवशी त्याने हात वर केला तेव्हा तू केवढी दचकलीस!”

“दचकले. म्हणून मला भीती वाटते का, ते मला कुणी विचारलंच नाही.”

लेक डबा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. ती बिचारी डबा मांडीवर घेऊन म्हणाली, “मी खिशासाठी त्यांचे गुण कापले, आई.”

“काकांना तूच सांग ना, दुकानाचं,” रफूताई हळूच म्हणाली. “त्यांना म्हणावं...”

“आई,” लेक म्हणाली, “ते टपालखातं अकरा वर्षांपूर्वी बंद झालं. पत्ता बरोबर असला तरी पोचवणार नाही.” आणि मग, आईच्या गळ्यात हात टाकून, “तू बोलताना मी जवळ उभी राहते. लागलं तर.”

मी केलेलं मला निस्तरायला हवं होतं. मी भोंग्याला गाठलं. दुकानाविषयी अवाक्षर बोलले नाही, ते तिचं होतं. फक्त आवाज आणि खिसे यांबद्दल सांगितलं, आणि हेही, की चूक माझी. तो एक मशीन उघडून बसला होता. पेचकस हातात तसाच राहिला.

“म्हणजे तीन आठवडे मी त्याच्यासारखा...” त्याला वाक्य पुरं करवेना. मग एकदम म्हणाला, “मावशी, मग ती दुकानाला हो म्हणाली, ते?”

“मला ठाऊक नाही.”

“आणि मला हो म्हणाली, ते?”

“तिलाच विचार,” मी म्हटलं. “तुझ्या आवाजात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो गल्लीच्या मधोमध येऊन उभा राहिला. दुकानाच्या दाराशी गेला नाही, सहा पावलं अलीकडेच थांबला. दोन्ही हात बाहेर, तळवे उघडे. कानातलं यंत्र काढून त्याने सदऱ्याच्या खिशात टाकलं.

“अहो बाई!” कबुतरं उडाली. “जरा बाहेर येता?”

ती उंबऱ्यावर आली. लेक तिच्यामागे, डब्यासकट. एक गिऱ्हाईक पँट घेऊन आलं होतं, तेही आपसूक भिंतीला टेकलं.

“एक विचारायचंय! घाई नाही! दुकान सोडायचंय का तुम्हाला?”

तिने मान खाली घालून काहीतरी म्हटलं.

“ऐकू येत नाही! यंत्र काढून ठेवलंय!” आणि मग, थोडं थांबून, “वर बघा असं मी म्हणत नाही! तुम्हाला वाटलं तर बघा! नाहीतर मी उद्या परत येईन!”

न्हाव्याच्या दुकानातली कात्री थांबली. लेकीचा हात आईच्या पाठीकडे गेला आणि पाठीला न टेकता तसाच राहिला. रफूताईने मान उचलली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

“नाही!” ती म्हणाली. म्हणाली कसली, ओरडली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं असावं, कारण ती क्षणभर थांबली, काही होतंय का ते पाहिलं, काहीच झालं नाही, म्हणून पुढे गेली. “दुकान सोडायचं नाही! लग्नानंतरही नाही! किल्ली माझ्याकडेच राहील, आणि तिला जोडकिल्ली करायची नाही!”

“बरं!” भोंगा ओरडला.

“आणि ते टेबल!”

“टेबलाचं काय?”

“चुकीच्या बाजूला आहे! तिथे उजेड उजवीकडून येतो! माझ्या हाताची सावली माझ्याच कामावर पडेल!”

“दोन महिने खपला हो बिचारा,” न्हावी आतून म्हणाला.

“दादा, तुम्ही तुमचे केस कापा!” रफूताई त्याच्याकडे न बघता म्हणाली. आणि न्हावी चक्क कापू लागला.

भोंग्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्याला टेबलाचं वाईटही वाटत होतं आणि तो हसतही होता, आणि दोन्ही एकाच तोंडावर मावत नव्हतं. मग तो गंभीर झाला.

“आणि मी?” त्याने विचारलं. “मला हो म्हणालात ते... ते कसलं होतं?” हे विचारताना सवयीप्रमाणे त्याचा हात उंच गेला.

तिचं अंग चोरलं गेलं. खांदे वर आले, कोपर उठला. या वेळी त्याने ते पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तो हात वर धरून जागच्या जागी खिळून राहिला. खाली आणावा तर ती पुन्हा घाबरेल, वर ठेवावा तर हे असं. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबासारखा उभा.

तिने कोपर सावकाश खाली घेतला.

“दचकतं ते अंग,” ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, पण एकेक शब्द त्याच्याकडे तोंड करून स्वच्छ उच्चारत होती. “त्याला अजून कळलेलं नाही. मला कळलंय. तुम्हाला हो म्हणाले, ते हो होतं. त्या दिवशी तुम्ही चांगले ओरडत होता.”

लेकीने डबा खाली ठेवला आणि ओढणीचं टोक डोळ्याला लावलं. मी चष्मा पुसला.

“मग वीस तारीख?” भोंग्याने विचारलं.

“वीस नको. आठ कोट पडलेत माझ्याकडे. मावशींची शाल उसवून पुन्हा करायचीय. आणि मला जरा वेळ हवाय. हल्ली जे जे हो म्हणाले, त्यातलं कुठलं खरं होतं ते एकदा बघू दे.”

“मग कधी?”

तिने विचार केला. मग भिंतीला टेकलेल्या माणसाच्या हातातून पँट घेतली, दाराशी उजेडात धरली आणि फाटलेल्या जागी आतून बोट घालून पाहिलं.

“ते उद्या सांगते,” ती म्हणाली. “आता गिऱ्हाईक आहे.”

भोंगा अजून तसाच उभा होता. “अहो,” त्याने विचारलं, “हात खाली घेऊ?”

तिने पँटवरून मान उचलली आणि त्याला ओठ नीट दिसतील असं म्हणाली, “घ्या की.”